एका रात्रीपुरतं गोड तोंड

लंकेतल्या रत्नपुराच्या बसस्टँडवर हेमपालने तीस वर्षं काढली, आणि त्यातली बहुतेक ओरडण्यात काढली. तो टाइमकीपर होता. काचेच्या खोपट्यात बसायचं, कुठली गाडी कधी आली ते टिपायचं आणि वेळ झाली की माइकवरून तिला स्टँडबाहेर हाकलायची, एवढंच त्याचं काम. पण गोड बोलून गाडी हलत नाही अशी त्याची पहिल्याच महिन्यात खात्री पटली, आणि ती शेवटपर्यंत टिकली. "कलवानाची गाडी! चाकांना मुळं फुटली का? पाणी आणू घालायला?" असा त्याचा आवाज कर्ण्यातून सुटला की समोरच्या पानवालीपासून पोलीस चौकीपर्यंत माणसं हसायची. कलवानाचा ड्रायव्हर तेवढा हसत नसे.

ड्रायव्हर कारणं सांगायचे. टायर बसला, रस्त्यावर दरड आली, गाडीत एका बाईला घेरी आली. हेमपालने तीस वर्षांत एकही कारण ऐकून घेतलं नाही. "उशीर म्हणजे उशीर," एवढं म्हणून तो पेन उचलायचा. सकाळी ज्याला सोलून काढलं त्यालाच दुपारी हाक मारून आपल्या डब्यातली कोवळ्या फणसाची भाजी वाढायचा, हेही खरं. पण खाल्लेली भाजी कुणाच्या लक्षात राहत नाही, ऐकलेलं राहतं.

त्याची एकुलती एक मुलगी इनोका. तिने लग्न केलं ते नालकशी, आणि नालक बलांगोडाची बस चालवायचा. जावई म्हणून हेमपालला तो पसंत होता. शांत होता, पीत नव्हता. पण एक दिवस त्याची गाडी उशिरा आली. तो खिडकीशी येऊन काही सांगू लागला, तोच हेमपालने सवयीने माइक जवळ ओढला.

"बलांगोडाची गाडी एकदाची आली आहे. गाडी चांगली, मालक चांगला, ड्रायव्हरची बायको तर फारच चांगली. तिच्या बापाने तिला नीट वाढवली. फक्त ड्रायव्हर तेवढा गाढव निघाला."

सगळा स्टँड खो खो हसला. त्या हसणाऱ्या गर्दीत इनोका बापाचा डबा घेऊन उभी होती. तिने डबा खिडकीत ठेवला, नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसली, आणि त्यानंतर दोन वर्षं माहेरचं फाटक उघडलं नाही. मध्ये हेमपाल निवृत्त झाला. तोंड निवृत्त झालं नाही.

मग बातमी आली की इनोकाला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही तिकडचीही रीत. हेमपालची बायको नंदावती मुलीला भेटून आली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

"काय म्हणाली?" हेमपालने तिसऱ्यांदा विचारलं.

"म्हणाली, तात्तांना एक रात्र तरी तोंड सांभाळता येतं का बघ. येत असेल तर मी येते."

"त्यात काय? रोज रात्री झोपेत सांभाळतोच की."

"झोपेतही तुम्ही गाड्या सोडता, इनोकाचे तात्ता. शेजारी उठून बसतात."

नंदावतीने परीक्षा निवडली ती मात्र अवघड. श्रीपाद या डोंगराच्या यात्रेचा हंगाम चालू होता; माथ्यावर बुद्धाचं पाऊल उमटलंय अशी श्रद्धा. त्या डोंगरावर रात्री चढायला लागायचं, वर उजाडताना सूर्य बघायचा आणि खाली यायचं. आणि त्या वाटेचा नियमच असा की वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. 'दमलो' म्हणायचं नाही. 'अजून किती राहिलं' असं तर मुळीच विचारायचं नाही. विचारणाऱ्याला डोंगर चकवतो असं जुनी माणसं सांगतात. वाटेत भेटेल त्याला "करुणावै" म्हणायचं, म्हणजे तुझ्यावर करुणा असो. नंदावतीने डोंगराच्या राखणदार समन देवाच्या नावाने एक नाणं पांढऱ्या कापडात बांधलं आणि नवस बोलली: इनोकाचे तात्ता पायथ्यापासून निघून पायथ्याला परत येईपर्यंत कुणाला कडू बोलणार नाहीत.

"आणि हे खरं झालं की नाही, ते कोण सांगणार?" हेमपालने विचारलं.

नंदावतीने माडीकडे बोट केलं.

माडीवर रंगनाथ गुंजाळ राहायचा. मूळ संगमनेरचा. शहराबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं बघायला म्हणून चार वर्षांपूर्वी लंकेत आला होता, बायको-मुलं गावी. संध्याकाळी तो खाली येऊन ओट्यावर बसायचा. हेमपालला कुणावर तरी ओरडायला हवं असायचं आणि रंगनाथला कुणी ओरडलं तरी लागत नसे, अशी त्यांची मैत्री जमली. रंगनाथ त्याला अय्या म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ; तो रंगनाथला मल्ली, म्हणजे धाकटा. सिंहली तो हेमपालपाशीच शिकला. त्यामुळे एकदा देवळात वृद्ध भिक्खूंना त्याने अगदी अदबीने "आत सरकून दाबून बसा" असं सांगितलं होतं.

नंदावतीचा त्याच्यावर विश्वास होता, कारण तो खोटं बोलत नसे. पहिल्या दिवशी तिने दिलेली नारळाची चटणी सगळ्या पाहुण्यांनी वाखाणली, रंगनाथ म्हणाला, "अक्का, मीठ दुप्पट पडलंय." खरंच पडलं होतं.

"मल्ली, तुम्ही बरोबर जा," ती त्याला म्हणाली. "आणि आल्यावर मला खरं काय ते सांगा."

"जातो की अक्का. आमच्याकडे कळसूबाई आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. बारा वेळा चढलोय मी."

हेमपालने कळसूबाईचं नाव त्याआधी निदान दोनशे वेळा ऐकलं होतं.

त्याचा खरा वैताग निघायच्या आधीच सुरू झाला. त्याला मधल्या वारी जायचं होतं, गर्दी नसताना. रंगनाथला रजा मिळाली ती पोयाची, म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीची, जेव्हा अर्धी लंका डोंगराकडे निघते. हेमपालला आपल्या रत्नपुराकडच्या जुन्या वाटेने जायचं होतं, जिथून त्याचा बाप आणि आजा गेले. रंगनाथने मोबाइलवर वाचलं होतं की हॅटनकडच्या वाटेला कठडे आहेत, दिवे आहेत आणि ठिकठिकाणी चहा मिळतो. "त्या वाटेने सहलीचे लोक जातात," हेमपाल म्हणाला. "मग बरंच की, सोबत होईल," रंगनाथ म्हणाला. नवस पायथ्यापासून सुरू होणार होता, त्यामुळे हेमपालने हॅटनच्या बसमध्ये बसून होईल तेवढं बोलून घेतलं. वळणं संपत नव्हती आणि त्याचं बोलणंही. रंगनाथ खिडकीला डोकं टेकून झोपला होता.

पायथ्याच्या नल्लतन्नियाला उतरले तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. डोंगरावर दिव्यांची माळ आभाळापर्यंत गेली होती. हेमपालने कमानीपाशी हात जोडले, नाणं छातीशी नीट खोचलं, मफलर गुंडाळला. रंगनाथने पाठीवरची पिशवी उतरवून पुन्हा चढवली. ती एवढी फुगली होती की मागचे दोघे तिला बघून बाजूला झाले.

"काय आहे त्यात?"

"नाचणीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन चादरी, बॅटऱ्या, रॉकेल..."

"रॉकेल कशाला?"

"असावं."

हेमपालच्या जिभेवर जे आलं ते त्याने गिळलं. "करुणावै," तो म्हणाला.

"करुणावै, अय्या!" रंगनाथ खूश झाला. "किती मनापासून म्हणता हो."

पहिल्या टप्प्याला वाट सोपी होती. चहाच्या टपऱ्या, खेळणी, लोकरी टोप्या, मिठायांचे पिवळे-लाल ढीग. रंगनाथ प्रत्येक टपरीवर थांबला. गुळाचा खडा दातात धरून कोरा चहा प्यायचा, आणि टपरीवाल्याला विचारायचं की पाणी वर आणता कसं, पंपाने की डोक्यावरून? हेमपाल बाहेर उभा. खांद्यावर झोपलेली मुलं घेऊन बाया पुढे गेल्या. पांढऱ्या कपड्यातल्या आज्या पुढे गेल्या. काठी टेकत एक आंधळा माणूस मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला, जाताना "करुणावै" म्हणून गेला. स्टँडवर असता तर हेमपालने आत्तापर्यंत माइक हातात घेतला असता.

ओढ्यापाशी सगळे हात-तोंड धुवायला थांबतात. पाणी बर्फासारखं. रंगनाथने हात घातला आणि किंचाळला. आसपासच्या बाया हसल्या.

"अय्या, एक विचारू?"

"अजून किती राहिलं हे सोडून काहीही विचार."

"ते विचारतच नाही." त्याने मनगट पुढे केलं. घड्याळात उंची दिसायची. "मी सांगतो. आत्ता तिसरा हिस्सा झालाय. खरा चढ अजून पुढेच आहे."

विचारायचं नाही असा नियम होता. न विचारता सांगणाऱ्याचं काय करायचं हे कुणा पूर्वजाने सांगून ठेवलं नव्हतं. आणि त्यानंतर हा माणूस दर वळणावर सांगू लागला. मागून चढणाऱ्या एका म्हातारीने कानावर हात ठेवले.

"मल्ली," हेमपाल शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला, "घड्याळ खिशात ठेवतोस का?"

"रागावलात का?"

"नाही."

"कान लाल झालेत तुमचे."

"थंडी आहे."

पुढे एका जागी पहिल्यांदा चढणारे पांढरा दोरा उलगडत नेतात, झुडपांवरून, कठड्यांवरून. सगळा उतार कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा होतो. हेमपालने आठवणीने दोऱ्याचं रीळ आणलं होतं, कारण रंगनाथची ही पहिलीच खेप. त्याने ते त्याच्या हातात दिलं. आपल्या बापाने असंच दिलं होतं हे त्याला आठवलं. रंगनाथने दोरा दिव्याखाली धरला, बोटांत पिळला, दाताने तोडून बघितला.

"अय्या, दुकानदाराने फसवलंय. सुती म्हणून दिला ना? पॉलिस्टर आहे."

"देवाला चालतं."

"देवाला चालेल हो. पण तुम्ही सुतीचे पैसे दिले असणार."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हेमपालने डोळे मिटले, इनोकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, आणि एकामागोमाग तीनदा करुणावै म्हटलं. बाजूच्या माणसाने श्रद्धेने हात जोडले.

पुढे पायऱ्या उभ्या झाल्या तसा रंगनाथचा आवाज कमी झाला. तो दमला होता, पण ते म्हणायची बंदी, म्हणून तो म्हणाला, "अय्या, कळसूबाईला या ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत." थोड्या वेळाने म्हणाला, "शिडीवर कसं, की मध्येच थांबता येतं." हेमपालने ती फुगलेली पिशवी त्याच्या पाठीवरून काढून आपल्या पाठीवर घेतली. बासष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. रॉकेल आत डुचमळत होतं. त्याचा वास त्याला थेट नाकात येत होता.

असं बरंच वर गेल्यावर रांग थांबली.

आधी कुणाला काही वाटलं नाही. पौर्णिमेची गर्दी, थांबणारच. लोकांनी कठड्याला टेकून डुलक्या काढल्या. पण रांग हलेच ना. वर देवळाचे दिवे अगदी डोक्यावर दिसत होते, वारा हाडांत शिरत होता, आणि पूर्वेकडे काळ्याचं निळं होऊ लागलं होतं. हेमपालने टाचा उंचावून पाहिलं, आणि तीस वर्षांच्या सवयीने त्याला एका नजरेत सगळं कळलं. सूर्य चुकेल या घाईने तरुण पोरांचा एक घोळका रांग सोडून उतरणाऱ्यांच्या बाजूला घुसला होता. वरून लोक उतरत होते, ते त्यांच्यावर येऊन अडकले होते. आता वरच्याला खाली येता येईना, खालच्याला वर जाता येईना, आणि दोन्हींच्या मागून माणसं रेटत होती. एका फाटकात दोन बस समोरासमोर शिरल्यासारखं.

आणि सगळे गोड बोलत होते. "करुणावै, जरा जागा द्या." "करुणावै, तुम्हीच आधी सरका." कुणी शिवी देत नव्हतं, आणि तसूभर हलतही नव्हतं.

"अय्या, तुम्ही काही तरी करा ना," रंगनाथ म्हणाला. "तुमचं कामच ते."

"माझं तोंड आज बंद आहे."

"गोड बोलून बघा."

हेमपालने घसा साफ केला. "बाळांनो," तो म्हणाला, "उतरणारे जरा एका बाजूला व्हा." त्याचा त्यालाच आवाज नीट ऐकू आला नाही. मोठा आवाज त्याच्याजवळ होता आणि गोड शब्दही त्याने आज कसेबसे गोळा केले होते, पण दोन्ही एकत्र वापरायची वेळ आयुष्यात आली नव्हती. पुन्हा प्रयत्न केला. समोरच्याने वळून त्यालाच उलट करुणावै म्हटलं.

तेवढ्यात वरून पुन्हा रेटा आला. पाच-सहा पायऱ्यांवर एक बाई कठड्यावर दाबली गेली. तिच्या छातीशी चादरीत गुंडाळलेलं तान्हं मूल होतं. तिने दोन्ही कोपर कठड्याला लावून पाठीने माणसं थोपवून धरली होती. मूल रडत होतं. मग ते रडायचं थांबलं, आणि ते थांबलेलं हेमपालला ऐकू आलं.

"ए लाल स्वेटर!"

सगळा जिना दचकला. माइक नव्हता, तरी आवाज देवळापर्यंत गेला असावा, कारण वरचेही वाकून बघू लागले.

"हो, तूच! बापाचा जिना आहे का? डावीकडे दाब! तुझ्यामागचा तो टोपीवाला, तू खांब आहेस का रे? नाहीस ना? मग हल! उतरणारे सगळे कठडा सोडून उभ्या भिंतीला चिकटा. चिकटा म्हटलं ना, गाढवांनो! वरून कोण ढकलतंय ते? सूर्य काय तुझ्या सासऱ्याचा आहे, लपवून ठेवलाय तुझ्यासाठी? एक पायरी मागे! अजून एक! ती बाई बाहेर आल्याशिवाय कुणी पाय उचलला तर पाय काढून हातात देईन!"

लाल स्वेटर डावीकडे गेला. टोपीवाला हलला. रांग सैल झाली, आणि बाई मुलासकट बाहेर आली. मूल पुन्हा रडायला लागलं, चांगलं खणखणीत. उतरणाऱ्यांची एक ओळ भिंतीच्या बाजूने झरझर खाली जाऊ लागली. कुणी तरी मागे म्हणालं, "अरे, हा तर रत्नपुराच्या स्टँडवरचा म्हातारा!" आणि हशा पिकला.

हेमपाल हसला नाही. त्याने छातीशी खोचलेलं नाणं चाचपलं. रंगनाथने त्याच्या पाठीवरची पिशवी काढून पुन्हा आपल्या पाठीवर घेतली.

सूर्य उगवला. ढोल वाजले, लोकांनी साधू साधू म्हटलं, डोंगराची त्रिकोणी सावली दुसऱ्या बाजूच्या धुक्यावर पडली. रंगनाथने फोटो काढले. हेमपालने पादुकांच्या जागी डोकं टेकलं, नाणं ठेवलं, आणि बाहेर येऊन घंटेच्या रांगेत उभा राहिला. जितक्या वेळा चढून आलात तितके टोल द्यायचे, अशी तिथली चाल.

"अय्या," रंगनाथ हळूच म्हणाला, "कळसूबाईचे बारा धरायचे का?"

"नाही."

रंगनाथने एकच टोल दिला. मग हेमपालने दिले. रंगनाथ ओठ हलवत मोजत होता.

"एक कमी पडला."

"आजचा धरला नाही."

"असं कसं? चढलो तर खरे! चढ तो चढ."

"नवस मोडला. उशीर म्हणजे उशीर."

"पण अय्या, कारण होतं ना!"

"कारण सगळ्यांजवळच असतं," हेमपाल म्हणाला, आणि बोलून गेल्यावर एकदम थांबला. तीस वर्षं खिडकीशी येऊन उभे राहिलेले चेहरे त्याला त्या घंटेपाशी नको तेव्हा दिसू लागले. त्यात नालकचाही होता.

उतरणं चढण्याहून वाईट. ऊन डोळ्यांवर येत होतं, आणि रंगनाथ आता खरंच गप्प होता. हेही हेमपालला सहन होईना. ओढ्यापाशी बसल्यावर त्याने विचारलं, "नंदाला काय सांगणार आहेस?"

"झालं ते."

"ते मलाही माहीत आहे."

"मग मला का विचारता?"

हेमपालने नाचणीच्या भाकरीचा तुकडा तोडला. शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ला. चटणीला रॉकेलचा वास लागला होता. तेही तो बोलला नाही, कारण नवस मोडला असला तरी पायथा अजून आला नव्हता.

खाली पोचल्याबरोबर फोन वाजला. नंदावती. रंगनाथने हात पुढे केला, पण हेमपालने फोन दिला नाही.

"नंदा, साक्षीदाराला विचारू नकोस. मीच सांगतो. एकदा सुटलं तोंड."

"कुणावर?"

"सगळ्यांवर. पन्नास एक माणसं असतील."

"का?"

"का बिका काही नाही. सुटलं ते सुटलं."

इथे रंगनाथने फोन चक्क हिसकावला. "अक्का, मी सांगतो," असं म्हणून त्याने रांग कुठे थांबली, पायरीची रुंदी किती, पोरं कुठून घुसली, बाई कशी दाबली गेली, मूल किती महिन्यांचं असेल, इथून सुरुवात केली. मग हेमपालचं वाक्य न् वाक्य, लाल स्वेटरपासून पाय हातात देण्यापर्यंत, त्याच चढ्या आवाजात म्हणून दाखवलं. पायथ्याच्या स्टँडवरचे लोक थांबून ऐकू लागले. हेमपालला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "आणि गाढव हा शब्द एकदाच आला," रंगनाथने शेवटी सांगितलं. "बाकी रात्रभर फक्त कान लाल होते."

फोनमध्ये कोणी तरी हसत होतं. नंदावती एवढ्या बारीक आवाजात हसत नसे. रंगनाथने फोन परत दिला.

"तात्ता," इनोका म्हणाली.

"तू कधी आलीस?"

"काल संध्याकाळी. तुम्ही निघालात आणि आम्ही आलो. तुम्ही घरात नसताना यायला सोपं वाटलं."

म्हणजे आपण रात्रभर ज्यासाठी जीभ चावत होतो ते कालच घरी येऊन जेवून झोपलं होतं. हेमपालने आभाळाकडे पाहिलं. समन देवालाही थट्टा कळते म्हणायची.

"आज तुमच्याजवळ कारण होतं," ती म्हणाली.

"होतं."

"त्या दिवशी नालकजवळही होतं, तात्ता. तुम्ही माइक ओढलात."

हेमपालने मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "काय होतं ते सांग."

"मी नाही सांगणार. तो व्हॅन घेऊन तुम्हाला आणायला निघालाय. त्यालाच विचारा."

ते दोघे एका टपरीच्या बाकावर बसून राहिले. नालक लवकर पोचेल असं इनोका म्हणाली होती. लवकर टळून गेलं. भाताचे डबे सुटायची वेळ आली, तीही टळली. हॅटनच्या चार बस आल्या आणि गेल्या. हेमपाल मनगटाकडे बघे, मग घाटाकडे, मग रंगनाथकडे. रंगनाथ दोन्ही चादरी पांघरून बाकावर आडवा झाला होता, तोंड उघडं टाकून.

"तुझ्या घड्याळातली उंची बघून सांग ना," हेमपाल न राहवून म्हणाला, "जावई कुठपर्यंत चढला ते." पण त्याला ऐकू गेलं नाही.

शेवटी चिखलाने माखलेली एक पांढरी व्हॅन आली. नालक उतरला, चार हात लांबच थांबला आणि हात बांधून उभा राहिला. दोन वर्षांत तो थोडा जाड झाला होता.

हेमपालने घड्याळ पाहिलं. तोंड उघडलं. नालकने मान खाली घातली आणि जागा झालेल्या रंगनाथने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"का उशीर झाला, पुते?" हेमपालने मुलाला विचारावं तसं विचारलं.

नालकला प्रश्न कळला नाही. रत्नपुराच्या कुठल्याच ड्रायव्हरला तो कधी विचारला गेला नव्हता. "घाटात ट्रक बंद पडला होता, तात्ता. म्हणून मग..."

"आजचा नाही. त्या दिवशीचा."

नालकने वर पाहिलं. मग त्याने सांगायला घेतलं, आणि ड्रायव्हर लोक सांगतात तसं पार पहाटे उठल्यापासून घेतलं. गाडी धुतली, हवा भरली, कंडक्टर कुठे राहतो, त्याची आई कशी आजारी होती. हेमपाल बाकाची कड धरून ऐकत होता. पेल्मडुल्लाच्या अलीकडे एक म्हातारी गाडीत चढत होती, नालक म्हणाला, बाजाराला निघालेली. पायरीवर तिची गोणी फाटली, आणि लिंबं रस्ताभर झाली. उतारावर घरंगळत गेली. मग गाडीतले सगळेच उतरले, शाळेची मुलं, मास्तर, सगळे, आणि गोळा करत बसले. म्हणून.

"किती लिंबं होती?" रंगनाथने विचारलं.

लिंबं! हेमपालने बाकाची कड आणखी घट्ट धरली. भरलेली गाडी, वेळेची गाडी, लिंबांसाठी रस्त्यात उभी! दोन वर्षं घर रिकामं राहिलं, आणि कारण काय, तर लिंबं! जीभ टाळूला लागली. नालक त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता, हात बांधून, अगदी त्या दिवशी खिडकीशी उभा होता तसा.

"सगळी मिळाली का तिला?" हेमपालने विचारलं.

"दोन गटारात गेली, तात्ता."

"हं." त्याने पिशवी उचलून जावयाच्या हातात दिली. "सांभाळून ठेव, रॉकेल आहे. चल, गाडी काढ."

नालकने गाडी काढली, पण फारच जपून. मागे म्हातारं माणूस आहे म्हणून प्रत्येक वळणाला तो जवळजवळ थांबत होता. मागून हॉर्न वाजत होते. हेमपाल पुढच्या सीटच्या पाठीला घट्ट धरून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"करुणावै," तो म्हणाला. पुढच्या वळणाला पुन्हा म्हणाला.

"अय्या, आता डोंगर संपला," रंगनाथ डोळे मिटूनच पुटपुटला. "आता नाही म्हटलं तरी चालतं."

"गप झोप, गाढवा," हेमपाल म्हणाला. पण हळू म्हणाला, जावयाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू.